वडिलांचा प्रोस्टेट कॅन्सर हाडांपर्यंत पोचलाय, रिपोर्ट समजून घ्यायला मदत हवी

ऊसकरी | १२ जून, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी इथला जुना वाचनमात्र. शेतीच्या धाग्यांवर कधीतरी दोन ओळी खरडतो, एवढंच. आज वेगळ्या कामासाठी आलोय.

माझे वडील, आण्णा, वय ७१. कराडजवळ गावी ते आणि आई असतात. अडीच एकर ऊस, दोन म्हशी. दिवाळीपासून कंबर धरली होती. तिथल्या एका डॉक्टरांनी मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा दिला, शेकायला सांगितलं. रात्रीत चार-पाच वेळा लघवीला उठायचे, ते आम्ही वयावर घातलं. मे महिन्यात गावी गेलो तर सदरा अंगावर लोंबत होता. तसंच गाडीत घालून पुण्याला आणलं.

रिपोर्ट असे आहेत: पीएसए ४८६. बायोप्सीत ग्लीसन ४+५=९, बाराच्या बारा तुकड्यांत. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये कंबरेचे दोन मणके, खुब्याची हाडं, डाव्या मांडीचं हाड, तीन बरगड्या आणि ओटीपोटातल्या गाठी उजळल्या आहेत. हिमोग्लोबिन ९.८. यकृत, फुप्फुसं स्वच्छ.

डॉक्टर म्हणाले, "स्टेज फोर आहे, पण ट्रीटमेंट आहे." मग दोन पर्याय दिले. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर छोटं ऑपरेशन करून वृषणं काढून टाकायची. दोन्हींसोबत अ‍ॅबिराटेरॉन नावाच्या गोळ्या. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला.

मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. किती काळ आहे हातात? आणि इंजेक्शन की ऑपरेशन?

जाता जाता, आण्णांना यातलं काही माहीत नाही. 'प्रोस्टेटला सूज आहे आणि हाडं ठिसूळ झालीत' असं सांगितलंय. थोरल्या काकांनी तशी शपथच घातलीय सगळ्यांना.

ताम्हण | १३ जून, सकाळी ६.५५

ऊसकरी, आधी पाणी प्या आणि थोडं झोपा. माझ्या बाबांचं निदान झालं तेव्हा पीएसए ३१० होता, हाडांत पसरलेलं होतं. त्यानंतर ते सहा वर्षं होते. त्यातली साडेचार वर्षं तर रोज सकाळी स्वतः दूध आणायला जात होते. सगळ्यांचं असंच होतं असं म्हणत नाही. पण काल रात्री तुम्ही जे गूगल केलं असेल, त्यात हेही एक धरा.

काळा_चहा | १३ जून, सकाळी ९.२०

मी डॉक्टर आहे, पण कॅन्सरचा नाही. रेडिओलॉजीत आहे, असे स्कॅन रोज वाचतो. उपचार तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा. रिपोर्टमधल्या शब्दांपुरतं मी सांगतो.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात ते प्रथिन. ४८६ म्हणजे आजाराचा पसारा मोठा आहे, एवढंच. ४८६ वाल्याची अवस्था ८० वाल्याच्या सहापट वाईट, असा हिशोब नसतो. उलट आजार दणकून पसरलेला आणि पीएसए मात्र जेमतेम, असे पेशंट आम्हाला जास्त अवघड वाटतात.

ग्लीसनमध्ये पॅथॉलॉजिस्ट पेशींची घडी किती विस्कटली आहे ते बघतात. सर्वांत जास्त दिसणाऱ्या नमुन्याचा आकडा आधी, दुसऱ्याचा नंतर. ४+५ म्हणजे बरीच विस्कटलेली घडी. रिपोर्टमध्ये 'ग्रेड ग्रुप ५' लिहिलं असेल तर ते हेच, वेगळं काही नवीन सापडलेलं नाही.

आता नातेवाईक म्हणतील "हाडाचा कॅन्सर झाला". नाही. प्रोस्टेटच्याच पेशी हाडात जाऊन बसल्या आहेत, त्यामुळे औषध प्रोस्टेटचंच आणि ते हाडातल्या पेशींवरही चालतं. "मूळ गाठच काढून का टाकत नाहीत?" हेही कुणीतरी विचारेलच. चार किंवा जास्त ठिकाणी हाडं धरलेली असली आणि त्यातलं एखादं मणका-खुब्याच्या बाहेरचं असलं, की त्याला 'हाय व्हॉल्यूम' म्हणतात. आण्णा त्यात बसतात. अशा वेळी प्रोस्टेटवर रेडिएशन देऊन आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही, थोडक्यात पसरलेल्यांत दिसलंय. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी काही हातचं राखलेलं नाही.

आणि रिपोर्टमधली सगळ्यात चांगली ओळ तुम्ही सगळ्यात शेवटी दोन शब्दांत उरकलीत: यकृत, फुप्फुसं स्वच्छ. ती ओळ मी पहिली वाचतो.

निरामय_जीवन | १३ जून, सकाळी ९.४८

केमो आणि इंजेक्शनच्या नादी लागू नका!! आमच्या परिचयातील एक वैद्य फक्त गव्हांकुर रस, गोमूत्र अर्क व काढ्याने स्टेज ४ पूर्ण बरी करतात. ९० दिवसांत पीएसए नॉर्मल. नंबर व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवतो.

निम्मी_भाकरी | १३ जून, सकाळी १०.०५

@निरामय_जीवन, नंबर पाठवू नका. माझ्या वडिलांचे चार महिने अशाच एका काढ्यात गेले. पीएसए नॉर्मल झाला नाही. चौथ्या महिन्यात एका रात्रीत पाय गेले, मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला होता. सकाळी दवाखान्यात नेलं तोपर्यंत उशीर झाला होता. ते परत चालले नाहीत. निदानापासून १४ महिने.

ऊसकरी, हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. एक गोष्ट घरात सगळ्यांना, तुमच्या आईलासुद्धा, पाठ करायला लावा. पायात अचानक अशक्तपणा, मुंग्या किंवा बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पाठीत कधी नव्हती अशी कळ. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री एमआरआय होईल अशा मोठ्या रुग्णालयात जायचं आणि तोंडाने सांगायचं, "प्रोस्टेट कॅन्सर आहे, मणक्यात आहे." वेळेत स्टिरॉइड आणि रेडिएशन किंवा ऑपरेशन झालं तर पाय वाचतात. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पिंपळपान | १३ जून, सकाळी १०.११

संपादक मंडळ, तो गव्हांकुर प्रतिसाद कृपया उडवा.

एडिसनकर | १३ जून, दुपारी ४.३०

इकडे न्यू जर्सीत गेल्या महिन्यात सगळ्या देसी घरांत हाच विषय होता. जो बायडन यांचं निदान जाहीर झालं: ग्लीसन ९, हाडांत पसरलेलं. आकडे जवळपास तुमच्या वडिलांचेच. जगातली सगळी वैद्यकीय सोय दाराशी असलेल्या माणसाचंही निदान याच टप्प्यावर झालं. "आधी का नाही दाखवलं" म्हणून स्वतःला खात बसू नका.

गणिताची_वही | १३ जून, रात्री ९.१५

"किती काळ" याला कुणीच हात घातला नाही. मी घालते. मी संख्याशास्त्र शिकवते आणि माझे सासरे याच आजाराचे पेशंट आहेत, सध्या चौथं वर्ष.

२०१७ मध्ये जाहीर झालेल्या लॅटिट्यूड या चाचणीत जवळपास १,२०० पुरुष होते. सगळ्यांचा आजार नुकताच कळलेला आणि जास्त धोक्याचा. ग्लीसन ८ किंवा त्याहून जास्त, हाडांत तीन किंवा जास्त ठिकाणं, यकृत-फुप्फुसासारख्या अवयवांत पसरलेलं, या तीनपैकी दोन गोष्टी तरी असलेले. आण्णा बरोबर याच गटातले. फक्त हार्मोन बंद केलेल्यांचा (तुमचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन तेच करतं) मध्यक ३६.५ महिने आला, सोबत अ‍ॅबिराटेरॉन घेतलेल्यांचा ५३.३.

मध्यक म्हणजे मुदत नव्हे. शंभर जण रांगेत उभे केले तर मधल्या माणसाचा आकडा. निम्मे त्याच्या आधी गेले, निम्मे नंतरही होते आणि त्या निम्म्यांची शेपटी लांब असते. ताम्हणचे बाबा आणि निम्मी_भाकरीचे वडील दोघं एकाच आलेखावर आहेत.

आण्णा त्या रांगेत कुठे, हे आज कुणीही सांगू शकत नाही. पण सहा-सात महिन्यांनी बरंच सांगता येतं. २००६ चा एक जुना अभ्यास आहे, तेव्हा फक्त हार्मोन बंद करण्याचे उपचार होते. सात महिन्यांनंतर पीएसए ४ च्या वरच राहिला त्यांचा मध्यक १३ महिने, ०.२ ते ४ मध्ये आला त्यांचा ४४ आणि ०.२ किंवा त्याखाली गेला त्यांचा ७५. आता औषधं सुधारली आहेत, हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण रीत तीच. आजच्या ४८६ कडे बघू नका, सातव्या महिन्यातल्या आकड्याकडे बघा.

ऊसकरी | १३ जून, रात्री ११.५८

वही, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. पहिल्यांदाच कुणीतरी आकडा दिला. काय वाटलं सांगता येत नाही, पण गूगलपेक्षा बरं वाटलं.

इंजेक्शन की ऑपरेशन यावर कुणी बोलेल का? बायको म्हणते इंजेक्शन, बहीण म्हणते ऑपरेशन. काका म्हणतात, "ह्या वयात त्याला नामर्द करताय काय?"

काळा_चहा | १४ जून, सकाळी ८.१०

परिणाम दोन्हींचा सारखा: शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर. त्याच्यावर हा कॅन्सर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी शिकागोत १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ चं नोबेल त्यासाठी मिळालं. आजही सगळ्याचा पाया तोच.

ऑपरेशन एकदाच, साधारण एका दिवसाचं काम, खर्च कमी, हार्मोन काही तासांत खाली. पण परत फिरता येत नाही. इंजेक्शन थांबवता येतं, पण दर तीन महिन्यांनी खर्च आणि फेरी. नेहमीच्या इंजेक्शनने सुरुवातीला हार्मोन थोडे दिवस उसळतं. मणक्यात गाठी असताना ती उसळी धोक्याची, म्हणून आधीपासून बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. इंजेक्शन घेणार असाल तर हे नक्की विचारा.

काकांना सांगा, इच्छा दोन्हींत जाते. इंजेक्शनने 'मर्दानगी' शिल्लक राहते हा गैरसमज आहे.

निवृत्त_मास्तर | १४ जून, सकाळी ११.३०

ऊसकरी, तुम्ही 'जाता जाता' लिहिलंत तोच खरा प्रश्न आहे.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही कोणाची घेणार? शुद्धीत असलेल्या, ७१ वर्षांच्या, अडीच एकर चालवणाऱ्या माणसाची वृषणं 'प्रोस्टेटला सूज आहे' म्हणून काढणार? आणि इंजेक्शन घेतलं तरी अंगातून वाफा निघतील, दाढी विरळ होईल, छाती सुजेल, दंडातली ताकद जाईल. तेव्हा काय सांगणार, हाडं ठिसूळ आहेत म्हणून?

मी माझ्या वडिलांना नाही सांगितलं. १९९४ ची गोष्ट. शेवटच्या महिन्यात ते सगळ्यांशी गप्प झाले. मला वाटलं दुखण्याने. आता वाटतं, आम्ही सगळे खोटं बोलतोय हे त्यांना कळत होतं आणि आमची पंचाईत होऊ नये म्हणून ते बोलायचेच थांबले.

शपथ काकांनी घातलीय. आजार काकांचा नाही.

सह्याद्रीकन्या | १४ जून, दुपारी १.०२

मास्तरांना अनुमोदन. मात्र सगळं एका बैठकीत ओतू नका. आधी विचारा, "आण्णा, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" काहींना खरंच नको असतं, तोही त्यांचा हक्क.

खर्चाचा_ताळा | १४ जून, सायंकाळी ७.४०

पैशाचं बोलतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं रुग्णालय आणि त्यांच्या उपचारातलं काय काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन विचारा. उपचार सुरू करण्याआधी विचारा, नंतर कागद जुळत नाहीत. घरी घ्यायच्या गोळ्या बसतील असं गृहीत धरू नका. अ‍ॅबिराटेरॉन आता बऱ्याच भारतीय कंपन्या बनवतात. छापील किमतीवर जाऊ नका, तीन-चार घाऊक औषधवाल्यांना विचारा. आम्हाला तेच औषध निम्म्याहून कमीत मिळालं.

पूर्ण डोस १,००० मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी. २५० मिलिग्रॅम जेवणासोबत घेण्यावरही एक छोटा अभ्यास झालाय, कारण अन्नासोबत हे औषध कितीतरी जास्त शोषलं जातं. खर्च झेपत नसेल तर काही डॉक्टर तो मार्ग देतात. पण ते डॉक्टरांशी बोलून. मनाने पोळीबरोबर चार गोळ्या घेतल्या तर अपाय होईल.

दुसरं मत हवं असेल तर परळच्या टाटा मेमोरियलशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे, रिपोर्ट पाठवून लेखी मत येतं. परळला जायचंच झालं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा लक्षात ठेवा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत आहे, फॉर्म रुग्णालयाकडून भरून घ्या.

ऊसकरी | १७ जून, रात्री १०.२०

सांगितलं.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसलो होतो. सह्याद्रीकन्येचं वाक्य पाठ करून गेलो होतो, तोंडातून निघालं भलतंच. म्हणालो, "आण्णा, सूज नाही, गाठ आहे. कॅन्सरची. हाडांत गेलीय." ते बराच वेळ समोरच्या पार्किंगकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कुणाकुणाला ठावं हाय?" सगळ्यांना, म्हटलं. "आनि मला सोडून समद्यांनी जेवनं केली व्हय?" मला रडू आलं, त्यांना नाही.

मग दोन्ही पर्याय सांगितले, काळा_चहांनी लिहिलेत तसेच. ऑपरेशनचं ऐकून म्हणाले, "म्हंजे बैल ठेचत्यात तसंच की रं." मी काय बोलणार? थोडं थांबून म्हणाले, "ठेचल्यावर बैल कामाला निवांत हुतो. करून टाकू. दर तीन म्हयन्याला कोन पुन्याला हेलपाटं घालनार?"

काल डॉक्टरांसमोर मी 'किती काळ' विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आण्णांनीच विचारलं, "सायेब, आडसाली लावू का न्हाई?" डॉक्टरांना कळेना. मी सांगितलं की जुलै-ऑगस्टची ऊस लागण, तोडीला सोळा ते अठरा महिने लागतात. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "लावा. पण पोती उचलायची नाहीत आणि ट्रॅक्टरवर बसायचं नाही, मांडीचं हाड सांभाळायचंय."

एवढंच. आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

ताम्हण | १७ जून, रात्री १०.३१

आण्णांना माझा नमस्कार सांगा.

गणिताची_वही | १८ जून, सकाळी ७.००

आडसाली लावू का! मी चार परिच्छेद लिहिले होते.

निम्मी_भाकरी | १८ जून, सकाळी ९.४४

छान झालं. एक जोडते. दुखणं फार वाढलं तर 'पॅलिएटिव्ह' (त्रास कमी करणारे उपचार) शब्दाला घाबरू नका, तो फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतो. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. माझ्या वडिलांना तिथे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळालं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ते रात्रभर झोपले. मी त्यांना तिथे फार उशिरा नेलं.

आणि तुम्ही स्वतः? घरात आणखी कुणाला प्रोस्टेट, स्तन किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालाय का? पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये बीआरसीए जनुकाची तपासणी विचारून घ्या. त्यात दोष निघाला तर आण्णांसाठी पुढे वेगळी औषधं असतात आणि तुम्हा भावंडांनाही कळलेलं बरं. बहिणीलाही, फक्त मुलांना नाही.

ऊसकरी | २ ऑक्टोबर, दुपारी ३.१५

दसऱ्याच्या शुभेच्छा. ऑपरेशन जूनअखेर झालं. दुसऱ्या दिवशी घरी. पीएसए सहा आठवड्यांनी ३१, गेल्या आठवड्यात २.४. कंबर पुष्कळ कमी, पट्टा म्हशीच्या गोठ्यात टांगलाय. रक्तदाब मात्र वाढला होता. अ‍ॅबिराटेरॉनने वाढतो, पोटॅशियमही घसरतं, म्हणून सुरुवातीला दर पंधरवड्याला रक्त तपासत होते. सोबतची प्रेडनिसोलोनची (स्टिरॉइडची) गोळी एकदा गावात संपली, आण्णा म्हणाले, "बारकी हाय, ऱ्हाऊ दे." असं करू नका. ती अचानक बंद करायची नसते, डॉक्टरांनी फोनवर चांगलंच सुनावलं.

अंगातून वाफा निघतात. रात्री उठून सदरा काढून अंगणात बसतात. आई परवा म्हणाली, "मी पाच वर्सं ह्येच काढलं, तवा तुमी घोरत हुता." आण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून टेबलफॅन आणला आणि तिच्या बाजूला लावला.

काका दोन महिने बोलत नव्हते, गणपतीत आले.

काळा_चहा | २ ऑक्टोबर, सायंकाळी ६.०५

उत्तम. हाडांची घनता तपासून घ्या, हार्मोन गेलं की हाडं विरळ होतात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोज चालणं. हाडांसाठीचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड द्यायचं ठरलं तर त्याआधी दात दाखवा, जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो.

ऊसकरी | २५ जानेवारी, रात्री ९.५०

सातवा महिना. पीएसए ०.६.

वही, तुमच्या मधल्या रांगेत. ०.२ च्या खाली नाही गेला म्हणून मी दोन दिवस खट्टू होतो. आण्णांना सांगितलं तर विचारलं, "चारशेचं अर्ध्यावर आलं का?" म्हटलं, अर्ध्यावर नाही, एकाच्या खाली. "मग तू का त्वांड पाडून बसलायस?"

पुढे कधीतरी हा आजार औषधाला दाद देईनासा होईल, हे आता दोघांनाही माहीत आहे. तेव्हा केमो आहे, ल्युटेशियम (किरणोत्सर्गी औषध) आहे, बघू. बीआरसीए तपासणीत काही निघालं नाही.

ऊस कमरेच्या वर गेलाय. लागणीच्या वेळी मी म्हटलं होतं, कारखान्याची नोंद या वेळी माझ्या नावावर करू, सोपं पडेल. ती त्यांनी स्वतःच्या नावावरच केली होती, परवा पावती दाखवली.

नवखा_७७ | २६ जानेवारी, दुपारी १२.३४

अख्खा धागा वाचला. कालच सासऱ्यांचा रिपोर्ट आला, पीएसए १,१००. हातपाय गळालेत. कुठून सुरुवात करू?

ऊसकरी | २६ जानेवारी, दुपारी १२.५०

व्यनि केलाय, नंबर त्यात आहे. तोवर स्कॅनचा कागद काढा आणि यकृत-फुप्फुसांची ओळ शोधा. सासऱ्यांना सांगितलंय का?